वारेला वाट कोण दाखवतं?

बाळ बाहेर आलं, रडलं, की खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळतात. सिस्टर मात्र अजून थांबलेल्या असतात, कारण वार (प्लॅसेंटा) पडायची असते. ती पडली की ट्रेमध्ये पसरून दोन्ही बाजूंनी नीट पाहायची, एखादा तुकडा आत राहिला नाही ना, याची खात्री करायची. आईकडची बाजू गडद लाल, खडबडीत, पंधरा-वीस खंडांत विभागलेली. बाळाकडची बाजू निळसर आणि चकचकीत. नाळेपासून निघालेल्या रक्तवाहिन्या तिच्यावर वडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या. वजन साधारण अर्धा किलो, रुंदी वीतभर.

मी पॅथॉलॉजीत काम करते. माझ्याकडे वार येते ती फॉर्मॅलिनच्या डब्यात, आणि तीही सगळ्यांची नाही. ज्यांचा रक्तदाब फार वाढला, ज्यांचं बाळ पोटात वाढलं नाही, ज्यांना सातव्या महिन्यातच बाळंत व्हावं लागलं, अशांचीच. पातळ काप काढून, रंगवून मायक्रोस्कोपखाली ठेवला की मी आधी वारेला चिकटून आलेलं गर्भाशयाच्या अस्तराचं पापुद्र्याएवढं थर शोधते. त्या थरात आईच्या धमन्यांची टोकं असतात. सगळी कहाणी तिथे लिहिलेली असते. नीट पार पडलेल्या गरोदरपणात ती धमनी ढगळ, रुंद, जवळजवळ बिनस्नायूंची झालेली दिसते. अडचणीच्या गरोदरपणात ती तशीच राहते, जाड भिंतीची, बारीक तोंडाची, जणू तिला कुणी हातच लावला नाही.

हात लावणाऱ्या पेशी बाळाच्या बाजूच्या असतात. त्यांचं नाव ट्रोफोब्लास्ट. फलन झाल्यावर साधारण सहाव्या-सातव्या दिवशी गर्भ गर्भाशयाच्या अस्तराला चिकटतो, आणि त्याच्या बाहेरच्या आवरणातल्या या पेशी आईच्या शरीरात शिरू लागतात. पुढे वारेचे अंकुर तयार होतात. झाडाच्या मुळांसारखे फुटत जाणारे, आईच्या रक्तात बुडलेले. दिवस भरेपर्यंत या अंकुरांचा एकूण पृष्ठभाग 11-12 चौरस मीटर होतो, म्हणजे एखाद्या खोलीच्या फरशीएवढा. काही अंकुर अस्तराला घट्ट धरून ठेवतात. त्यांच्या टोकाकडून ट्रोफोब्लास्ट पेशी सुट्या होतात आणि अस्तरातून पुढे निघतात.

त्यांना गाठायच्या असतात आईच्या मळसूत्री धमन्या. नावाप्रमाणेच त्या वळसे घेत अस्तरात येतात, आणि वारेच्या खाली अशा सुमारे शंभर असतात. पेशी त्यांच्या आत शिरतात, भिंतीतले स्नायू विरघळवतात, धमनीच्या आतल्या थराची जागा स्वतः घेतात. धमनीचं तोंड त्यामुळे 5 ते 10 पट रुंदावतं. केंब्रिजच्या ग्रॅहम बर्टन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये याचं गणित मांडलं: तोंड रुंदावलं नाही तर रक्त सेकंदाला 2-3 मीटर वेगाने अंकुरांवर आदळेल, रुंदावलं की तोच वेग सेकंदाला 10 सेंटिमीटरच्या आसपास येतो. रोपांना पाणी घालताना पाइपचं तोंड अंगठ्याने दाबलं तर काय होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. माती उडते, मुळं उघडी पडतात. अंकुरांचंही तसंच होतं.

आता या पेशींपुढची अडचण बघा. पोचायचं तर आहे, पण फार खोल जायचं नाही. अस्तर ओलांडून गर्भाशयाच्या स्नायूच्या आतल्या तिसऱ्या हिश्शापर्यंत जायचं आणि थांबायचं. धमन्यांत शिरायचं, शिरांमध्ये नाही. शिरांच्या तोंडाशी काही पेशी पोचतात, पण धमन्यांसारखा पूर्ण कब्जा घेत नाहीत. आणि हे सगळं वेळेवर. पहिल्या तिमाहीत तर याच पेशी धमन्यांच्या तोंडाशी बूच होऊन बसतात, आईचं रक्त थेट आत येऊ देत नाहीत. कोवळ्या गर्भाला तेव्हा जास्त ऑक्सिजन सोसत नाही. आठव्या ते बाराव्या आठवड्यात बुचं सैल होतात आणि वारेतलं ऑक्सिजन सुमारे तिप्पट होतं. विसाव्या आठवड्याच्या सुमारास धमन्यांचं काम आटोपतं.

पेशीला डोळे नाहीत, नकाशा नाही. मग हे सगळं तिला कळतं कसं?

उत्तराचा मोठा भाग मेंदूच्या अभ्यासातून आला. चेतापेशीलाही हाच प्रश्न असतो. पाठीच्या कण्यातून निघालेला तंतू पायाच्या अंगठ्यापर्यंत बरोबर कसा पोचतो? स्पेनचे सान्तियागो रामोन इ काहाल यांनी 1890च्या दशकात वाढणाऱ्या तंतूच्या टोकाशी हाताच्या पंजासारखा भाग पाहिला आणि अंदाज बांधला की वाटेत पसरलेली रसायनं त्याला ओढत असावीत. ती रसायनं हाती लागायला शंभर वर्षं गेली. 1994 मध्ये मार्क टेसिए-लाविन यांच्या गटाने कोंबडीच्या गर्भांच्या मेंदूतून एक प्रथिन वेगळं केलं. तंतू त्याच्याकडे वळत होते. नाव ठेवलं 'नेट्रिन', आणि ते घेतलं संस्कृतातल्या 'नेतृ' या शब्दावरून, म्हणजे नेणारा, वाट दाखवणारा. आपला 'नेता' त्याच धातूतला. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आनंद झाला होता, आणि अजूनही हे नाव उच्चारताना तो होतो.

फळमाशीवर काम करणाऱ्यांना दुसरी बाजू सापडली. माशीच्या मज्जातंतूंत मधोमध एक रेषा असते. बरेचसे तंतू ती एकदा ओलांडून पलीकडे जातात ते परत येत नाहीत. पण 1993 मध्ये अशा माश्या सापडल्या की ज्यांचे तंतू रेषा पुन्हा पुन्हा ओलांडून गोल गोल फिरत होते, चौकातल्या सर्कलभोवती गाडी फिरत राहावी तसे. म्हणून त्या जनुकाला 'राउंडअबाउट' म्हटलं, लाडाने 'रोबो'. रोबो हा तंतूच्या पृष्ठभागावरचा रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारा रेणू. निरोप कोणता, हे 1999 मध्ये उलगडलं: मधल्या रेषेवरच्या पेशी 'स्लिट' नावाचं प्रथिन सोडतात, आणि रोबोला ते भेटलं की तंतू मागे सरतो. रोबो बिघडलेल्या माशीला 'मागे फिर' ऐकूच येत नव्हतं.

इथे रिसेप्टरबद्दल थोडं थांबून सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. आळीत कुणीतरी सुके बोंबील भाजायला घेतले आहेत. वास एका घराकडून पसरतो. जवळ दाट, लांब गेलं की विरळ. एकाची पावलं त्या घराकडे वळतात, दुसरा नाकाला पदर लावून उलट्या दिशेने चालू लागतो. वास एकच आहे, फरक आहे तो घेणाऱ्यात. नेट्रिनचं अगदी असंच आहे. पेशीवर डीसीसी नावाचा रिसेप्टर असेल तर ती नेट्रिनकडे जाते. त्याच्या जोडीला अंक-5 (UNC-5) कुळातला रिसेप्टर आला की तीच पेशी नेट्रिनपासून दूर पळते. म्हणजे प्रथिनावर 'ये' किंवा 'जा' असं काही लिहिलेलं नसतं. पेशी आज कोणता रिसेप्टर अंगावर मिरवते, त्यावर अर्थ ठरतो. आणि रिसेप्टर बदलता येतात. काल जी खूण ओढत होती, ती आज ढकलू शकते.

पेशी वळते तीही अगदी साध्या पद्धतीने. तिच्या आत ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात, मांडवाच्या बांबूंसारखे. ज्या बाजूला 'ये' असा निरोप मिळतो तिथे बांबू पुढे वाढतात आणि पेशीचा पडदा त्या बाजूला ताणला जातो. 'जा' आला की त्या बाजूचे बांबू मोडून पडतात आणि पेशी आखडते.

निसर्ग एकदा जमलेली युक्ती टाकून देत नाही. हीच प्रथिनं पुढे रक्तवाहिन्यांच्या वाढीत सापडली, कर्करोगात सापडली, आणि वारेतही. वाट दाखवणाऱ्या प्रथिनांची चार मोठी कुळं मानतात: नेट्रिन, स्लिट, सेमाफोरिन आणि एफ्रिन. वारेत चारही आहेत. पण सगळ्यांबद्दल सारखंच सांगण्यात अर्थ नाही, कारण माझ्या मते एफ्रिनची गोष्ट सगळ्यात देखणी आहे.

नेट्रिन किंवा स्लिट वासासारखे पेशीबाहेर पसरतात. एफ्रिन तसं पसरत नाही. ते पेशीच्या अंगालाच जडलेलं असतं, आणि त्याचा रिसेप्टर 'एफ' समोरच्या पेशीच्या अंगाला. निरोप पोचायला दोघींनी एकमेकींना शिवावं लागतं. शिवल्यावर निरोप दोन्हीकडे जातो, आणि बऱ्याचदा त्याचा अर्थ 'बाजूला हो' असाच असतो. 1998 मध्ये एक सुंदर गोष्ट कळली. रक्त वाहू लागण्याच्या आधीच गर्भातल्या वाहिन्या ठरलेल्या असतात: जी धमनी होणार तिच्या पेशींवर एफ्रिन-बी2, जी शीर होणार तिच्या पेशींवर एफबी4, म्हणजे 'एफ' रिसेप्टरचाच एक प्रकार. आधी आपण समजायचो की रक्ताच्या दाबामुळे धमनी धमनी होते. तिचं नाव तर आधीच कपाळावर कोरलेलं निघालं.

आता वारेकडे या. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सुझन फिशर यांच्या प्रयोगशाळेने मानवी वारेतल्या ट्रोफोब्लास्ट पेशींवर हेच रेणू शोधले, आणि 2005 मध्ये ते काम छापून आलं. अंकुरात घरीच असलेल्या पेशींवर एफबी4 होतं, म्हणजे शिरेची खूण. त्याच पेशी अस्तरात शिरायला निघाल्या की एफबी4 उतरवतात आणि एफ्रिन-बी1, एफ्रिन-बी2 चढवतात. धमनीचा वेश घेतात म्हणा ना. मग वाटेत धमनी भेटली तर तिच्यावरही एफ्रिन-बी2च. 'बाजूला हो' म्हणायला तिथे एफबी4 नाही. शीर भेटली तर तिच्या अंगावर एफबी4 आहे, दोघींचा स्पर्श होताच निरोप जातो आणि पाऊल थांबतं. त्यांनी प्रयोगात हेही दाखवलं की एफबी4 आणि एफ्रिन यांची गाठ पडली की एरवी रसायनांच्या मागे धावणाऱ्या ट्रोफोब्लास्ट पेशींची धाव मंदावते. धमनी की शीर, हा प्रश्न पेशी कशी सोडवते, याचं मला पटलेलं उत्तर हेच.

वेश बदलणं इथेच संपत नाही. धमनीत शिरलेल्या ट्रोफोब्लास्ट पेशी रक्तवाहिनीच्या आतल्या पेशींना एकमेकींशी जोडणारी प्रथिनंही स्वतः बनवू लागतात. बाळाच्या पेशी आईच्या रक्तवाहिनीचं अस्तर होतात. फिशर यांच्याच गटाने 1997 मध्ये दाखवलं होतं की प्रीएक्लॅम्पसियात हे रूपांतर अर्धवट राहतं.

प्रीएक्लॅम्पसिया म्हणजे गरोदरपणाच्या 20 आठवड्यांनंतर रक्तदाब 140/90च्या वर जाणं आणि त्यासोबत लघवीतून प्रथिनं जाणं किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांना त्रास होणं. जगभरात 2 ते 8 टक्के गरोदर स्त्रियांना तो होतो. वेळीच आवरला नाही तर झटके येतात, जीवही जातो. प्राथमिक आरोग्य केंद्रात दर भेटीला दंडाला पट्टा बांधतात आणि लघवी तपासतात ती मुख्यतः यासाठी. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे चमकणं, चेहऱ्यावर आणि हातांवर अचानक सूज येणं, वरच्या पोटात दुखणं, यातलं काहीही झालं तर 'गरोदरपणात होतंच' म्हणून घरी बसू नये, लगेच दवाखाना गाठावा. हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे.

लक्षणं दिसतात सातव्या-आठव्या महिन्यात, पण विशेषतः लवकर सुरू होणाऱ्या प्रकारात बिघाड झालेला असतो तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, पेशी धमन्यांपर्यंत नीट पोचल्या नाहीत तेव्हा. धमन्या अरुंद राहतात, रक्त धक्क्याधक्क्याने येतं, वार ताणाखाली येते. मग ती आईच्या रक्तात काही प्रथिनं सोडते. त्यातलं एसफ्लट-1 हे बॉस्टनमध्ये अनंत करुमंची आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये ओळखलं. रक्तवाहिन्या निरोगी ठेवणारा व्हीईजीएफ हा रेणू ते वाटेतच अडवून धरतं, आणि आईच्या अंगभर रक्तवाहिन्यांचं अस्तर आजारी पडतं.

स्लिट आणि रोबो इथे पुन्हा भेटतात. माणसात स्लिट तीन प्रकारचं आणि रोबो चार. वारेच्या अंकुरांवरचा जो थर आईच्या रक्तात भिजलेला असतो, त्यात स्लिट-2 आणि रोबो-1 दोन्ही आहेत. बाळाच्या बाजूच्या बारीक रक्तवाहिन्यांत रोबो-4. 2012 मध्ये छापलेल्या एका अमेरिकी अभ्यासात प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या स्त्रियांच्या वारेत रोबो-1 आणि रोबो-4 वाढलेले आढळले, आणि पेशींना ऑक्सिजन कमी पडला की या कुळातली काही प्रथिनं वाढतात हेही दिसलं. इथे जरा जपून वाचायला हवं. वाढलेला रोबो पाहून 'हाच गुन्हेगार' म्हणणं सोपं आहे, पण ऑक्सिजनच्या तुटवड्यानेच तो वाढत असेल तर तो आजाराचा परिणामही असू शकतो. फिनलंडमधल्या संशोधकांनी 2019 मध्ये वेगळ्या बाजूने पाहिलं: बाळाच्या स्वतःच्या स्लिट-2 जनुकातला एक फरक आपोआप होणाऱ्या अकाली प्रसूतीशी जोडलेला निघाला. आईच्या नव्हे, बाळाच्या जनुकातला.

नेट्रिनबद्दल थोडक्यात. ते आणि त्याचे रिसेप्टर मानवी वारेत सापडलेत, डीसीसी आणि अंक-5 दोन्ही, म्हणजे ओढणारा अर्थही तिथे आहे आणि ढकलणाराही.

उलटी चूकही होते. जिथे आधीच्या सिझेरियनचा व्रण असतो तिथे अस्तर नीट नसतं, आणि पेशींना थांबवणाऱ्या, दिशा देणाऱ्या खुणाही अस्तरासोबत गेलेल्या असतात. वार तिथेच रुजली तर पेशी स्नायूत खोल घुसतात आणि बाळंतपणात वार सुटत नाही, भयंकर रक्तस्राव होतो. सिझेरियनची संख्या वाढली तसं हे प्रमाणही वाढलं. गरज नसताना सिझेरियन करू नये याचं हेही एक कारण आहे, आणि ते पुरेसं सांगितलं जात नाही.

या सगळ्याचा अभ्यास अवघड आहे. उंदराच्या वारेत पेशी इतक्या खोल जातच नाहीत, त्यामुळे उंदरावरून माणसाबद्दल फार सांगता येत नाही, आणि जिवंत गरोदर बाईच्या गर्भाशयात तर हात घालता येत नाही. 2018 हे वर्ष म्हणून महत्त्वाचं. जपानच्या तोहोकू विद्यापीठात मानवी ट्रोफोब्लास्टच्या मूळपेशी ताटलीत टिकवून वाढवायला जमल्या, आणि केंब्रिजमध्ये वारेचे इवले गोळे तयार झाले. आता पेशीतला एकेक रिसेप्टर काढून ती कुठे जाते हे माणसाच्याच पेशीवर पाहता येतं. उपचारांत आज हाताशी आहे ती साधी ॲस्पिरिन. धोका जास्त असलेल्या स्त्रियांना 11 ते 14 आठवड्यांदरम्यान रोज 150 मिलिग्रॅम सुरू केली तर 37 आठवड्यांच्या आत होणारा प्रीएक्लॅम्पसिया 62 टक्क्यांनी घटला, असं 2017 मध्ये एका मोठ्या चाचणीने दाखवलं. ती अर्थातच डॉक्टरांनी सांगितल्यावरच घ्यायची.

मला सगळ्यात जास्त धीर देणारा प्रयोग मात्र चौथ्या कुळाचा, सेमाफोरिनचा. रेल्वेच्या जुन्या हात दाखवणाऱ्या सिग्नलला सेमाफोर म्हणतात, त्यावरून हे नाव. 2013 मध्ये फिशर यांच्या गटाने तीव्र प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या स्त्रियांच्या वारेतून ट्रोफोब्लास्ट पेशी काढल्या. त्यांच्यात सेमाफोरिन-3बी फार वाढलेलं होतं. निरोगी पेशींवर ते टाकलं तर त्यांचं पुढे शिरणं कमी झालं, रक्तवाहिन्यांची वाढही खुंटली. सिग्नल 'थांब'वरच अडकलेला होता म्हणायचं. मग त्यांनी आजारी वारेतल्या त्या पेशी ताटलीत ठेवून 48 तास वाट पाहिली. पेशींना कुठलंही औषध दिलेलं नव्हतं. त्यांची बिघडलेली जनुकं हळूहळू निरोगी पेशींच्या पातळीवर आली, सेमाफोरिन-3बीसुद्धा उतरलं. म्हणजे पेशी मुळात अधू नव्हत्या. त्या जिथे होत्या तिथली परिस्थिती त्यांना थांबायला सांगत होती.

त्यानंतर माझं स्लाइड बघणं बदललं. जाड भिंतीची, बारीक तोंडाची धमनी दिसली की मी आता तिच्या आजूबाजूला पाहते. ट्रोफोब्लास्ट पेशी तिथेच असतात, मोठ्या, गडद केंद्रकाच्या. त्यांनी अस्तर पार केलेलं असतं, आणि धमनीपासून चार-दोन पेशींच्या अंतरावर येऊन त्या उभ्या राहिलेल्या असतात.